विमानघराचे प्रदर्शनघर

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ग्रंथालयात जे वाचतो ते संध्याकाळी घरी सांगावे लागते. एकदा तालिन शहरातील विमानघराची हकिगत सांगत होतो. बाबा तुमसरला धानाच्या गोदामात हमाली करतात. ते मध्येच म्हणाले, "एवढा मोठा छत, अन् मधात खांब नाही? मंग उभा कसा रायते?"

प्रश्न रास्त होता. विमाने आपल्याला अगदीच परकी नाहीत. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, आणि १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत बिरसी आपल्याच जिल्ह्यात होते. पण विमान ठेवायच्या घराची अट निराळी असते. विमानाचे पंख लांब असतात, म्हणून मध्ये खांब चालत नाही.

तालिन ही बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाची राजधानी. तेथे रशियाच्या झारशाहीने पहिल्या महायुद्धात, १९१६-१७ साली, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हे घर उभारले. बांधकाम एका डॅनिश कंपनीचे. ओळीने तीन काँक्रीटचे घुमट, आणि कवचाची जाडी जेमतेम ८ सेंटिमीटर!

मी अंगणात घमेले पालथे घातले व बाबांना त्यावर उभे राहायला सांगितले. घमेले वाकले नाही. तेवढाच सपाट पत्रा दोन विटांवर ठेवला, तर तो लगेच दबला. गोलाईमुळे भार कडांकडे उतरतो व काँक्रीट दाबले जाते. दाब सोसणे हा काँक्रीटचा गुण. ताण सोसायला आत लोखंडी सळया असतात.

पुढे झारशाही गेली. १९४० नंतर सोव्हिएत सैन्य आले आणि विमानघराचे गोदाम झाले. १९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा छताची पार दुर्दशा झालेली होती. पाडणे सोपे होते. पण त्यांनी डागडुजी केली आणि मे २०१२ मध्ये तेथे सागरी संग्रहालय उघडले. १९३६ साली ब्रिटनमध्ये बांधलेली सुमारे ६० मीटर लांबीची 'लेंबिट' पाणबुडी आज त्याच छताखाली उभी आहे. मध्ये खांब नाहीत, म्हणूनच ती तेथे मावली. जी सोय विमानांसाठी केली, तीच प्रदर्शनाच्या कामी आली.

सगळे ऐकून बाबांनी विचारले, "आपल्यासारख्याले आत जाऊ देतेत का?" मी म्हटले, "तिकीट काढले की कोणालाही." ते काही बोलले नाहीत. तीस वर्षे मोठ्या छताखाली ते पाठीवर पोते घेऊनच गेले आहेत.

वाचकहो, आपल्याकडचे एखादे जुने गोदाम पाडायला निघाल तेव्हा आधी त्याचे छत तपासा. भंडाऱ्याची पितळी भांडी, कोशाचे कापड, धानाची जुनी वाणे, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे मांडायला जागा हवीच आहे. तेथे बाबांना मी रिकाम्या हाताने घेऊन जाईन.