दिवसा खुर्ची, रात्री पलंग

रात्रभर धावून आलेली स्लीपर गाडी सकाळी शेवटच्या स्थानकात रिकामी होते. नंतर तिचं काय होतं, याचा विचार आपण उतारू सहसा करत नाही. ती यार्डात जाते, झाडलोट होते, चादरी बदलतात आणि संध्याकाळपर्यंत ती नुसती उभी असते. दिवसा धावणाऱ्या गाडीचं उलट. ती रात्रभर उभी. म्हणजे दोन गाड्यांना दोन जागा हव्यात आणि दोन्ही अर्धा वेळ बेकार.

१९६०च्या दशकात जपानच्या सरकारी रेल्वेपुढे हा हिशेब फार टोकदार होऊन आला. देशात उद्योग झपाट्यानं वाढत होते, प्रवासी वाढत होते. तोकियो-ओसाका शिंकानसेन, म्हणजे जिला आपण बुलेट ट्रेन म्हणतो ती, १९६४च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली होती. पण ओसाकाच्या पुढे पश्चिमेला क्यूशू बेटापर्यंतचा प्रवास जुन्याच रुळांवरून होता. गाड्या वाढवायच्या तर त्या उभ्या करायला जागा नाही. तेव्हा अभियंत्यांनी ठरवलं, की एकच गाडी दिवसा बसायची आणि रात्री झोपायची करू. ती कारशेडमध्ये कमीत कमी वेळ राहील.

अशी गाडी १ ऑक्टोबर १९६७ रोजी धावू लागली. तिचं नाव ५८१ मालिका. रात्री ती शिन-ओसाका ते हाकाता धावे, तेव्हा तिचं नाव ‘गेक्को’, म्हणजे चांदणं. दिवसा शिन-ओसाकाहून क्यूशूतल्या ओइताला जाई, तेव्हा ती ‘मिदोरी’, म्हणजे हिरवाई. कवितेच्या माणसाला या नावांचं अप्रूप वाटणारच. डबे तेच, रूळ बरेचसे तेच. उजेड बदलला की नाव बदललं.

ही गाडी इंजिनानं ओढली जाणारी नव्हती. आपल्या मुंबईच्या लोकलसारखी ती विजेवर चालणारी संच गाडी होती, मोटारी डब्यांच्या खालीच बसवलेल्या. अशा गाडीला शेवटच्या स्थानकात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागत नाही, ती वेग लवकर घेते आणि तिचं वजन रुळांवर सारखं वाटलं जातं. अडचण एकच: मोटार ज्या फरशीखाली घरघरते, तिच्यावरच माणसाला झोपवायचं. म्हणून तोवर शयनयान म्हटलं की इंजिनामागचे शांत डबे, असंच समीकरण होतं. जपानी अभियंत्यांनी हवेच्या स्प्रिंगांवर डबा तोलला, आवाज आणि हादरे कमी केले. झोपण्याची सोय असलेली ही जगातली पहिली विद्युत संच गाडी.

आता डब्यात शिरू या. मधून वाट आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन-दोन जणांची बाकं. दिवसा अशा एका कप्प्यात चौघं बसत. रात्री दोन्ही बाकं एकमेकांकडे ओढली, की त्यांचा मिळून खालचा बर्थ होई, चांगला १०६ सेंटिमीटर रुंद. मधला आणि वरचा बर्थ खिडकीच्या वर, छतालगत घडी घालून ठेवलेले असत. ते खाली उतरवले जात. आपल्या थ्री-टियरमध्ये मधला बर्थ दिवसा पाठीमागे खाली लोंबतो, इथे तो वर जाई. चौघांच्या जागेत रात्री तिघं झोपत. वरच्या दोन बर्थची रुंदी ७० सेंटिमीटर होती. जपानच्या आधीच्या तीन मजली स्लीपरमध्ये ती ५२ सेंटिमीटरच होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या काळच्या उतारूला काय वाटलं असेल ते कळतं.

तीन मजले बसवायचे म्हणून छत उंच केलं. पण डब्यावर जिथे पेंटोग्राफ होता तिथे छत खाली घ्यावं लागलं आणि त्याखाली तिसरा बर्थ मावेना. तिथे दोनच बर्थ राहिले. परिणाम असा, की तिथल्या मधल्या बर्थवर डोक्यावर भरपूर मोकळी जागा मिळे आणि भाडं मात्र मधल्या बर्थचंच. जाणते उतारू नेमकी तीच जागा मागून घेत.

आणखी एक अडचण विजेची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोकियोनं जनित्रं जर्मनीहून घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकानं अमेरिकेहून घेतली, ती ६० हर्ट्झची. तेव्हापासून आजतागायत जपानचा पूर्व आणि पश्चिम भाग दोन वेगळ्या विजांवर चालतो. त्यात काही रेल्वेमार्ग १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, काही २० हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर. आपल्याकडे मुंबईच्या गाड्यांची इंजिनं इगतपुरीला बदलत असत, ते याच प्रकारच्या फरकामुळे. ५८१ मालिका एकदिश प्रवाह आणि ६० हर्ट्झ एवढ्यावरच चाले. १९६८मध्ये तिची सुधारलेली बहीण आली, ५८३ मालिका. ती तिन्ही प्रकारच्या विजेवर धावू शकत होती.

त्याच वर्षी तोकियोहून उत्तरेला आओमोरीपर्यंतच्या मुख्य मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. ५८३ दिवसा ‘हात्सुकारी’ म्हणून धावू लागली. शरद ऋतूत पहिल्यांदा येणारे रानहंस, असा त्या नावाचा अर्थ. उएनो ते आओमोरी हे अंतर ती सुमारे साडेआठ तासांत कापी. रात्री तीच ‘हाकुत्सुरु’ म्हणजे पांढरा क्रौंच किंवा ‘युझुरु’ म्हणजे सांजवेळचा क्रौंच होई. आओमोरीला उतरून माणसं बोटीत बसत आणि सामुद्रधुनी ओलांडून होक्काइदोला जात. जपानच्या रेल्वेप्रेमी मंडळानं १९६८चा आपला ‘ब्लू रिबन’ पुरस्कार ५८१ला दिला. १९७२पर्यंत दोन्ही मालिकांचे मिळून ४३४ डबे बांधले गेले.

मात्र ज्या गुणासाठी ती जन्मली, तोच पुढे तिच्या मुळावर आला. दिवसरात्र धावणाऱ्या गाडीला दुरुस्तीसाठी उसंत मिळत नव्हती. तिची झीज इतरांहून लवकर झाली. लोकांच्या अपेक्षाही बदलल्या. इतर दिवसगाड्यांत प्रवासाच्या दिशेनं वळवता येणाऱ्या खुर्च्या होत्या, इथे मात्र अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. रात्री कुणाला तीन मजले नको वाटू लागले. दोन कामं एकटीनं करणारीला दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात, तसं झालं.

शेवटचा धक्का वेगानं दिला. १९७५च्या मार्चमध्ये शिंकानसेन हाकातापर्यंत पोहोचली आणि ‘गेक्को’ बंद झाली. १९८२मध्ये ती उत्तरेला मोरिओकापर्यंत गेली. जो प्रवास रात्रभर झोपून करायचा, तो आता काही तासांत होऊ लागला.

रेल्वे तेव्हा कर्जात बुडालेली होती. नवे डबे घ्यायला पैसा नव्हता आणि हे डबे तर ठणठणीत होते. म्हणून १९८४पासून त्यातले बरेच कापून-सांधून साध्या पॅसेंजर गाड्या केल्या. दारं वाढवली, काही डब्यांना टोकाला सपाट तोंड बसवलं. ते इतकं सपाट दिसे, की लोक त्यांना पावाची लादी म्हणत. उंच छत आणि खिडकीवरच्या बर्थच्या खुणा तशाच राहिल्या. शाळेची मुलं आणि बाजाराला निघालेली माणसं त्या डब्यांतून हिंडू लागली. क्यूशू आणि उत्तरेतल्या अशा गाड्या १९९८पर्यंत टिकल्या, होकुरिकू भागातल्या २०११पर्यंत.

मूळ रूपातली गाडी ओसाका-नीइगाता मार्गावर ‘कितागुनी’ या नावानं २०१२पर्यंत रोज रात्री धावत होती. अखेरचा उरलेला संच उत्तर जपानातल्या आकिता भागात ८ एप्रिल २०१७ रोजी निरोपाची फेरी करून थांबला. पन्नास वर्षांना काही महिने कमी.

जपानमध्ये रोज धावणाऱ्या रात्रगाड्या आता दोनच उरल्या आहेत: ‘सनराइज सेतो’ आणि ‘सनराइज इझुमो’. १९९८मध्ये आलेल्या या गाड्याही विद्युत संचच आहेत, मोटारीवर माणूस झोपू शकतो हे ५८१नं दाखवून दिलं त्याच वाटेवरच्या. फक्त दिवसा बसवून नेण्याचं काम त्यांच्याकडे नाही. ५८१चं तोंड बघायचं असेल तर क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात तिचा एक डबा जपून ठेवला आहे, आणि क्यूशूत मोजीच्या संग्रहालयात आणखी एक आहे. मोजीचा डबा पॅसेंजर गाडी होऊन पुष्कळ वर्षं राबलेला आहे.