लिहिती-वाचती मुलं (भाग ७) : राऊच्या पिंपळावरून वर्षावनात

वर्षावन हा विषय मुलांच्या घरी बहुधा ‘प्रोजेक्ट’ म्हणून येतो. आई स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणते, ॲनाकोंडा नि टूकन कातरून चिकटवले जातात, खालच्या चार ओळी बाबा सांगतात आणि मूल त्या उतरवून काढतं. कातरकामाचा सराव होतो, ‘उत्तम’ शेरा मिळतो. वाचन-लेखन राहतं बाजूलाच. याच विषयाला तीन आठवडे दिले तर काय साधतं, ते आज पाहू.

घडाघडा वाचणारं पण मजकूर न कळणारं मूल पालकांना बुचकळ्यात टाकतं. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि जे वाचलं ते खेळाच्या छोट्या प्रतिकृतीवर करून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटवेड्या मुलाच्या हाती वर्तमानपत्राचं क्रीडापान द्या, हेच दिसेल. समज बरीचशी विषयाच्या ओळखीतून येते. म्हणून रोज नवा उतारा देण्यापेक्षा एकाच विषयावर मुक्काम ठोकलेला बरा. तेच शब्द निरनिराळ्या मजकुरात पुन्हा पुन्हा भेटतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत मुलाचे होतात.

आता इंदूरजवळच्या आपल्या राऊला वर्षावन कुठलं? इंदूर भागात वर्षाला साडेनऊशे-हजार मिलिमीटर पाऊस पडतो; सह्याद्रीतल्या आंबोलीला सात हजारांच्या आसपास. आपल्या चोरलचं, पाताळपाण्याचं, रालामंडलचं रान साग-पळसाचं, शुष्क पानझडीचं. उन्हाळ्यात ते उघडंबोडकं होतं. पण शिकवायला हे उलट सोयीचं आहे. दोन रानं शेजारी ठेवली की तुलना करावी लागते, आणि तुलना करायची म्हटलं की ‘पण’, ‘मात्र’, ‘त्यापेक्षा’ हे शब्द आपोआप लागतात. ॲमेझॉनला जायची घाई करू नये. आधी राऊ, मग आंबोली, ॲमेझॉन सगळ्यात शेवटी.

सुरुवात पिंपळाच्या पानाने करा. त्याचं टोक बोटभर लांब नि निमुळतं असतं. पान देठाला धरून तिरकं करा, वर चमचाभर पाणी सोडा. ते शिरांवरून घसरत मधल्या शिरेकडे येतं आणि टोकावरून टपटप गळतं. मग सागाचं खरखरीत पान घ्या आणि त्यावर तेवढंच पाणी सोडा. वर्षावनातल्या कितीतरी झाडांच्या पानांना पिंपळासारखंच टोक असतं. सतत पाऊस पडणाऱ्या ठिकाणी पान भिजलेलं राहिलं तर त्यावर शेवाळ नि बुरशी धरते. पाणी झटपट निथळण्यासाठी ही सोय असावी असं मानतात.

आता वही. मूल लिहितं, “पाणी पडलं.” कुठून पडलं? “पाणी टोकावरून पडलं.” कशाच्या टोकावरून? सागाच्या पानावरून पडलं तसंच का? दोन-चार प्रश्नांनंतर उतरतं : “पिंपळाच्या पानावर पाणी थांबत नाही, ते टोकावरून गळतं.” हे वाक्य त्याने कुठून उतरवलेलं नाही, पाहून लिहिलंय. अशी पाच वाक्यं प्रोजेक्टच्या पाच पानांपेक्षा मोलाची, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा धागा धनेशाचा. राखी धनेश आपल्याकडच्या वड-पिंपळांवर, उंबरांवर दिसतो. त्याचा थोरला भाऊबंद महाधनेश सिंधुदुर्गच्या दाट जंगलात राहतो. दोघांचीही वीण न्यारी. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून स्वतःला कोंडून घेते, फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. पक्ष्याची ही हकिकत मुलांना तोंडी सांगा आणि मग लिहायला सांगा. ‘आधी’, ‘तोपर्यंत’, ‘म्हणून’ या शब्दांवाचून ती लिहिताच येत नाही. व्याकरणाच्या तासाला अव्ययं पाठ करणारी मुलं ती वापरत नाहीत. इथे गरजच पडते. वरच्या वर्गातल्या मुलाला एक प्रश्न वाढवा : नर मेला तर? त्याचं उत्तर लिहिताना ‘जर-तर’ हाताशी येतं.

इथल्या आपल्या मराठी घरांची एक वेगळी अडचण आहे. मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात, देवनागरी येते ती हिंदीमार्गे, त्यामुळे ‘ळ’ अक्षर वाचनात कधी भेटतच नाही. रानाच्या विषयात तो पावलोपावली आहे : पिंपळ, पळस, मूळ, फळ, कळी, शेवाळ. वेगळा पाठ घ्यायला नको. शब्दपट्ट्या करून त्या-त्या वस्तूला लावा. आजी-आजोबा घरात असतील तर मोठ्याने वाचायचं काम त्यांच्याकडे सोपवा. रानावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या लेखनातले उतारे त्याला फार चांगले.

यातलं काहीच नवीन नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून कोसबाडला गेल्या, तेव्हा तिथली वारली मुलं गुरं राखायला रानात असत. शाळाच त्यांच्या मागे कुरणात गेली, तीच कुरणशाळा. पानं, बिया, शिंपले, काड्या हीच तिथली साधनं. इकडे मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने १९८२ पासून तो सांभाळला, माळव्यातल्या शाळांतही नेला. कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. मुलं भटकंतीला जात, पानं गोळा करून त्यांचे गट पाडत आणि दिसलं ते आपल्या शब्दांत वहीत लिहीत. नाव विज्ञानाचं, पण लेखनाचे एवढे चांगले वर्ग या राज्यात क्वचितच चालले असतील. सरकारने तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला.

आता सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीपर्यंत समजून वाचता येण्यावर भर आहे, मध्य प्रदेशात ते ‘मिशन अंकुर’ नावाने चालतं. उद्दिष्ट योग्यच. मात्र वाचनाचा वेग मोजणं सोपं असल्यामुळे सगळं लक्ष तिकडेच जाण्याचा धोका आहे, आणि घड्याळ लावून मुलाला वाचायला बसवणारे पालक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका.

पाऊस आहे तोवर या रविवारी एक पान घरी आणा, मुलाला पाच वाक्यं लिहू द्या आणि ती शुद्धलेखन न तपासता, आहेत तशी या लेखमालेकडे पाठवा. ‘पिंपल’ लिहिलं असलं तरी चालेल.