पिवळ्या दिव्याचे बोलणे

ग्वाल्हेरला पडाव भागात माझी मावशी राहते. राणी लक्ष्मीबाईंची समाधी असलेली फूलबाग तिथून जवळच. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी या गावाशेजारी तळ ठोकला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. त्यामुळे मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही. मागच्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा मात्र मावशीच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते. दादाचा, म्हणजे मावसभावाचा, ट्रक आठ दिवस ट्रान्सपोर्ट नगरात उभा होता. हप्ते थांबत नव्हते आणि ड्रायव्हरला काढून टाकायचे दादाने ठरवले होते.

घडले होते असे. समोरच्या काचेखालचा पिवळा दिवा लागला आणि थोड्या दिवसांत भरलेली गाडी चढ चढेनाशी झाली. एका ठिकाणी स्कॅनर लावून ‘सेन्सर गेलाय’ म्हणून सांगितले. महागडा सेन्सर बदलला. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या एकाने गाडीच्या संगणकाला फसवणारी डबी बसवून दिवा कायमचा विझवून देतो म्हटले. दादाला वेगळाच संशय होता. ड्रायव्हर युरिया चोरून विकतो, असा.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. या मोठ्या गाड्यांना डिझेलखेरीज एक पाण्यासारखे द्रावण लागते. ड्रायव्हर त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. गरम धुरात त्याचा फवारा उडाला की अमोनिया तयार होतो आणि पुढच्या जाळीदार भांड्यात धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन आणि पाणी होते. भांड्याच्या आधी आणि नंतर एकेक सेन्सर असतो. दोन्हींच्या आकड्यांत पुरेसा फरक दिसला नाही की संगणक दिवा लावतो आणि दुरुस्ती लांबली तर इंजिनाची ताकदही कमी करतो.

शेवटी दादा एका वयस्कर मिस्त्रीकडे गेला, मीही सोबत गेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पडद्यावर दोन आकडे होते : ४३६४ आणि १८. मी भाषा शिकवते, म्हणून उस्तादांचा खुलासा मला चटकन कळला. पहिला आकडा वाक्याचा कर्ता, दुसरा क्रियापद. ४३६४ म्हणजे धूर शुद्ध करण्याची क्षमता आणि १८ म्हणजे ती हवी त्यापेक्षा कमी पडते आहे. वाक्य एवढेच. त्यात ‘सेन्सर बदला’ असे कुठेही लिहिलेले नव्हते!

आपल्या सीमाभागातल्या घरांत ही गोष्ट वेगळी सांगायला नको. मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. नुसता शब्द ऐकून नाते ठरवले तर फसगत होते. कोण, कुठे, कुणाला म्हणतो आहे ते पाहावे लागते.

उस्तादांनी तेच केले. आधी सगळे कोड कागदावर उतरवले, पुसले काहीच नाहीत. बॅटरी तपासली, धुराच्या नळीचे जोड कुठे गळतात का पाहिले. थंड इंजिनावर तापमानाचे सगळे सेन्सर जवळपास सारखाच आकडा दाखवतात का, तेही पाहिले. मग युरियाचा एक थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या मापकावर ठेवला. रेघ ३२.५ च्या बरीच खाली! फवाऱ्याचे तोंड काढले तर त्यावर मिठासारखा पांढरा थर.

त्यांनी ड्रायव्हरला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, दिवा लागायच्या आधी टाकीत काय घातले होते? पोरगा विशीतला. खाली मान घालून म्हणाला, युरिया संपत आला होता, खिशात पैसे नव्हते, मालकाचा फोन लागला नाही. बंद पडू नये म्हणून पिण्याचे पाणी ओतले, दोन-तीनदा.

टाकी रिकामी करून धुतली, फवाऱ्याचे तोंड कोमट पाण्याने साफ केले, नवा युरिया भरला. भरल्या गाडीने हायवेवर फेरी मारून दोन्ही सेन्सरचे आकडे ताडून पाहिले आणि मगच कोड पुसला. काढून टाकलेला जुना सेन्सर चांगलाच होता.

रात्री जेवताना दादा अजून धुमसत होता. मावशीने भाकरी वाढता वाढता विचारले, “वाटखर्चाला पैसे दिले असतेस तर त्यानं पाणी घातलं असतं का रे?” दादा काही बोलला नाही. सकाळी मात्र युरियाचे दोन सीलबंद डबे केबिनमध्ये ठेवले आणि चावी त्याच पोराच्या हातात दिली.

निपाणी-बेळगाव रस्त्यावर आपल्यापैकी कित्येकांच्या गाड्या धावतात. दिवा लागला तर कोड लिहून मागा आणि सुटा भाग बदलण्याआधी काय तपासले ते विचारा. फसवणारी डबी बसवू नका. दिवा विझेल, पण तो धूर आपल्याच पोराबाळांच्या छातीत जाईल. आणि गाडी चालवणाऱ्याला आधी विचारा, पण त्याला खरे सांगता येईल अशा आवाजात.