आमची तांबडी आणि तिची पिले

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कोंबड्या आहेत. आमच्या घरी पाच कोंबड्या व एक कोंबडा आहे. सगळ्या गावठी आहेत. त्यातल्या तांबडीने यंदा पिले काढली. कोंबडी पिलांसाठी काय काय करते आणि तिला काय करता येत नाही, ते मी या लेखात सांगणार आहे.

दिवाळीच्या सुटीत तांबडी खुडूक झाली. खुडूक म्हणजे ती अंडी द्यायची बंद झाली आणि एकाच जागी अंग फुगवून बसू लागली. जवळ गेले की 'खुडूक खुडूक' करून टोचायची. मग आजीने पाटीत गवत घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि त्यात बारा अंडी मांडली. तांबडी संध्याकाळी त्यावर बसली.

अंड्यातून पिलू यायला २१ दिवस लागतात. माणसाच्या अंगाची ऊब ३७ अंश सेल्सिअस असते. कोंबडीची सुमारे ४१ अंश असते. शिवाय खुडूक कोंबडीच्या पोटाची पिसे गळतात, म्हणून तिची उघडी कातडी अंड्याला लागते व ऊब नीट पोचते. ती चोचीने अंडी फिरवते. तसे केले नाही तर आतला जीव टरफलाला चिकटून बसतो. तांबडी दिवसातून एकदाच उठायची. पटापट दाणे खायची, पाणी प्यायची, लांब जाऊन घाण करायची आणि पळत परत यायची. एकवीस दिवसांत ती अगदी हलकी झाली.

आठव्या दिवशी रात्री आईने एकेक अंडे बॅटरीवर धरून मला दाखवले. दहा अंड्यांत लाल बारीक शिरा दिसल्या. दोन नितळ दिसली. त्यात पिलू धरले नव्हते. ती काढून टाकली.

विसाव्या दिवशी मी पाटीजवळ कान नेला तर अंड्यातून 'चिव चिव' ऐकू आले! तांबडी त्यांना हळू आवाजात उत्तर देत होती. पिलाच्या चोचीवर एक पांढरे टोक असते. त्याने ते आतून टरफल फोडते. नंतर ते टोक गळून जाते.

एकविसाव्या दिवशी नऊ पिले बाहेर आली. दहाव्या अंड्याला नुसते भोक पडले होते. मला वाटले, बिचारे अडकले असेल. कोणी नाही असे बघून मी टरफलाचा तुकडा काढला. आतून रक्त आले. मी रडत आजीकडे गेले. आजी म्हणाली, "अगं, हात कशाला लावलास? त्याचं त्याला येऊ द्यायचं असतं." तिने ते अंडे परत तांबडीखाली ठेवले. पण सकाळी ते पिलू मेलेले होते. नंतर बाईंनी समजावून सांगितले की, भोक पाडल्यावरही पिलू कितीतरी तास विश्रांती घेते. तेवढ्या वेळात आतल्या पडद्याच्या शिरांतले रक्त त्याच्या अंगात जाते आणि पिवळा बलक पोटात ओढला जातो. मी घाई केली म्हणून ते मेले. तुम्ही कोणी असे करू नका.

तो पोटातला बलक पिलांना दोन दिवस पुरतो. म्हणून सगळी पिले निघेपर्यंत कोंबडी उठत नाही आणि आधी निघालेली पिले उपाशीही मरत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तांदळाच्या कण्या टाकल्या. पाण्याच्या बशीत खडे ठेवले, म्हणजे पिलू बुडत नाही.

तांबडी उकिरड्यावर पायाने उकरते. किडा सापडला की स्वतः खात नाही. 'टुक टुक टुक' करते, तो उचलते आणि परत खाली टाकते. मग सगळी पिले धावतात. काय खायचे ते पिले असे शिकतात. लहान पिलाला पिसे नसतात, नुसती लव असते. थंडीत त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. म्हणून ती आईच्या पंखाखाली घुसतात. पंखातून नऊ तोंडे बाहेर दिसली की लई गंमत वाटायची.

घार दिसली की तांबडी लांब आवाज काढायची आणि पिले जिथे असतील तिथे लपायची. मांजर आले तर वेगळाच आवाज काढून अंगावर धावून जायची. एकदा मुंगसालाही तिने पळवले. तरी एक पिलू घारीने नेलेच. ते पाण्याच्या हौदाजवळ एकटे लांब गेले होते. आता आठ आहेत.

पण एका गोष्टीपुढे कोंबडीचे काही चालत नाही. ती म्हणजे मानमोडी. तिलाच राणीखेत म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या चांदणीची अकरा पिले होती. ती पेंगू लागली, हिरवी हगवण लागली, माना वाकड्या झाल्या. चार दिवसांत सगळी मेली. शेवटी चांदणीही मेली. मरेपर्यंत ती पिलांना पंखाखाली घेत होती. आम्ही मेलेली पिले उकिरड्यावर टाकली. ती आमची चूक झाली. खड्डा करून पुरायला पाहिजे होती. कारण मग शेजारच्या कोंबड्याही गेल्या. आई अंडी विकून माझ्या वह्या आणते. त्या वेळी ते पैसे बुडाले.

मानमोडी झाल्यावर औषध नाही. आधीच लस द्यावी लागते. म्हणून यंदा आई गुरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "एका बाटलीत शंभर पिलांची लस आहे. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. नऊ पिलांसाठी फोडली तर बाकीची वाया जाईल. तुम्ही गावातली पिले एकत्र करा."

मी हे बाईंना सांगितले. बाईंनी वर्गात हात वर करायला लावले. १७ घरांची मिळून ९४ पिले निघाली! तेव्हा आमची पिले सात दिवसांची होती. डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन पारावर आले. त्यांनी प्रत्येक पिलाच्या डोळ्यात एक थेंब टाकला. मी पिले धरून दिली.

आता आमची पिले सहा आठवड्यांची झाली. त्यांना पिसे आली. तांबडी आता त्यांना टोचून लांब करते. मला वाईट वाटले. पण आजी म्हणाली, "आता त्यांनी आपलं आपण खायचं. ती परत अंडी देणार."

दुसरी लस आठव्या आठवड्यात टोचून द्यायची आहे, म्हणजे आणखी दोन आठवड्यांनी. त्यासाठी परत शंभर पिले पाहिजेत. या लेखाखाली मी एक कोरा कागद चिकटवला आहे व सुतळीला पेन्सिल बांधली आहे. शाळेत आलेल्या आईवडिलांनी आपले नाव आणि घरी किती पिले आहेत तो आकडा त्यावर लिहावा. पहिला आकडा मी लिहिला आहे : ८.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी