एक्स्प्रेसोची वाफ आणि बोअरचे पाणी

नांदेड-लातूरकडच्या लग्नात पंगती उठू लागल्या, की मांडवाच्या एका कोपऱ्यातून 'सुर्रर्र' असा आवाज येतो. चकचकीत उभे यंत्र, त्यावर दाबमापक, बाजूला वाकडी नळी. कॉफीवाला भांड्यात दूध, साखर आणि कॉफीची पूड घालून नळी आत बुडवतो आणि बघता बघता फेस वर येतो. सगळे याला 'एक्स्प्रेसो' म्हणतात. खरे तर त्यात एक्स्प्रेसो नसते, वाफ असते. पण ही वाफ काय करते ते पाहण्यासारखे आहे.

एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते. पुढे ते पाणी 100 अंशांवरून 65 अंशांपर्यंत येताना आणखी 35 कॅलरी देते. आता 150 ग्रॅम दूध 30 अंशांवरून 65 अंशांवर न्यायचे असेल, तर (दूध पाण्यासारखेच धरून) 5250 कॅलरी लागतील. म्हणजे वाफ लागेल फक्त 9 ग्रॅम! अप्रकट उष्म्याचे इतके चवदार उदाहरण नववीच्या वर्गाला दुसरे मिळणार नाही.

मग खरे एक्स्प्रेसो कोणते? 1901 साली इटलीतील लुइजी बेझेरा यांनी ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात बॉयलरमधल्या वाफेचाच दाब पाण्याला कॉफीतून ढकलत असे. हा दाब थोडा, आणि तो वाढवायचा तर पाणी 100 अंशांच्या वर तापणार. बॉयलरमध्ये वातावरणाच्या दुप्पट दाब असला की पाणी 120 अंशांना उकळते. अशा पाण्याने कॉफी करपट लागते. 1940 च्या दशकात मिलानच्या अकिल्ले गाजिया यांनी दाब आणि तापमान यांची ही गाठ सोडवली. दाब दट्ट्याने द्यायचा, पाणी मात्र उकळीच्या खालीच ठेवायचे. आज घरगुती यंत्रात दट्ट्याच्या जागी बहुधा विजेचा पंप असतो. वातावरणाच्या सुमारे नऊ पट दाब, 90 ते 96 अंश तापमान, आणि 25-30 सेकंदांत जेमतेम 30 मिलिलिटर कॉफी. वरचा तांबूस फेस भाजलेल्या बियांतल्या कार्बन डायऑक्साइडचा.

यंत्राच्या खोक्यावर '15 बार' असे ठळक छापलेले असते. त्याला भुलू नये. तो पंपाचा कमाल दाब. कॉफीला हवा नऊच. जादा दाब परत सोडणारी झडप आहे का, ते विचारावे. आपल्याकडे प्रत्येक कपात दूध, आणि पाहुणे आले की पाच-सहा कप एकदम. तेव्हा लहान बॉयलरच्या यंत्राने दमछाक होते: आधी कॉफीसाठी 93 अंश, मग वाफेसाठी तापवा, मग पुन्हा थंड करा. दोन बॉयलरचे यंत्र महाग, पण ही कसरत वाचते. पैसे बेताचे असतील तर साधे यंत्र घ्यावे, दळण्याचे यंत्र मात्र चांगले. मिक्सरमधून निघालेल्या पुडीत भुगाही असतो आणि रवाही. पाणी सोपी वाट शोधते आणि बाकीची कॉफी कोरडीच राहते.

आमच्या लातूरच्या एका नातेवाइकांनी हौसेने असे यंत्र घेतले. आठ महिन्यांत धार थेंबावर आली. उघडून पाहिले तर आत पांढरा थर! दोष यंत्राचा नव्हता, बोअरच्या पाण्याचा होता. दुष्फेन पाणी तापले की त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट चिकटून बसते. वाफ निघून जाते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागेच साठत राहतात. हा थर उष्णता अडवतो आणि नळ्या बुजवतो. सुरक्षा-झडप त्याने चिकटली तर गोष्ट कुकरच्या तुंबलेल्या शिट्टीइतकीच गंभीर.

मग जारचे किंवा आर.ओ.चे पाणी वापरावे का? एकदम क्षारहीन पाण्यात कॉफी पांचट लागते, धातू झिजू शकतो, आणि काही यंत्रांतल्या पातळी मोजणाऱ्या सळईला असे पाणी 'दिसत'च नाही, कारण ते वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात थोडे साधे पाणी मिसळावे. लिटरमागे 50 ते 100 मिलिग्रॅम कठीणता पुरे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 200 ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 ही कमाल मर्यादा मानते, म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही यंत्राला जड जाऊ शकते. घरगुती आर.ओ. बरेच पाणी बाहेर टाकते, तेही बादलीत धरावे. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हे वेगळे सांगायला नको.

थर काढायला वाण्याकडचे लिंबूसत्त्व चालते. लिटरभर पाण्यात 20-30 ग्रॅम विरघळवून ते यंत्रातून फिरवावे, वीसेक मिनिटे थांबावे, मग दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी सोडावे. बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर आम्ल फार वेळ ठेवू नये. माहितीपुस्तिका आधी वाचावी. वाफेची नळी प्रत्येक वेळी लगेच ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी, नाहीतर दुधातली प्रथिने आतच भाजून बसतात. रबरी रिंग कडक झाली की बदलावी. यंत्र गरम असताना काहीही उघडू नये.

वर्गात यंत्र नसले तरी बिघडत नाही. पाणी तापवायच्या हीटरवरचा पांढरा पापुद्रा मुलांना आणायला सांगा आणि त्यावर लिंबू पिळा. जे बुडबुडे येतील, तोच वायू पाणी तापताना निघून गेला होता.