ज्वारीच्या दाण्याएवढे प्लॅटिनम

इंधनाचे ऑक्सिडीकरण म्हणजे इंधनाचा ऑक्सिजनशी घडवून आणलेला संयोग होय. हा संयोग ज्वाळेविना आणि कमी तापमानात व्हावा यासाठी जो पदार्थ मदत करतो, पण स्वतः खर्ची पडत नाही, त्याला उत्प्रेरक म्हणतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारे डिझेल वाहन १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज-६ निकषांनुसार बनलेले असेल, तर त्याच्या धुराच्या वाटेवर बसवलेल्या जाळीदार ठोकळ्यात प्लॅटिनम आणि पॅलेडियम हेच काम करीत असतात, म्हणजे अर्धवट जळलेले इंधन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड व पाण्यात करतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागातून साकारलेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झालेली केपीआयटी-सीएसआयआरची बस ज्या हायड्रोजन इंधन घटावर चालते, त्या जातीच्या घटांतही प्लॅटिनमच लागते. मात्र तेथे ऑक्सिडीकरणातून सुटणारे इलेक्ट्रॉन तारेतून वळवून वीज मिळवली जाते.

प्लॅटिनम महाग आहे आणि अभिक्रिया केवळ त्याच्या पृष्ठभागावर होते, हीच खरी अडचण आहे. एक ग्रॅम प्लॅटिनमचा घन केल्यास त्याची बाजू जेमतेम ३.६ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी भरते, आणि पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही होत नाही. त्याच दाण्याचे तीन नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर पृष्ठभाग सुमारे ९० चौरस मीटर होतो, कारण अशा कणातील सुमारे नऊशे अणूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक अणू बाहेरच्या बाजूस येतात.

असे कण करण्याच्या रूढ पद्धतीत अम्लराजात विरघळवलेल्या प्लॅटिनमपासून मिळणारे क्लोरोप्लॅटिनिक आम्ल वापरतात, परंतु त्यातील क्लोराइड पृष्ठभागाला चिकटून राहू शकते. हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे कार्बनी-धातू संयुगे; त्यांत धातूचा अणू थेट कार्बनशी जोडलेला असतो. डॅनिश रसायनज्ञ झाइस यांनी १८२० च्या दशकात तयार केलेले प्लॅटिनम व एथिलीन यांचे लवण हे त्यांतील आद्य उदाहरणांपैकी एक. आज वापरात असलेल्या एका संयुगात प्लॅटिनमला सायक्लोऑक्टाडाईनचे वलय आणि दोन मेथिल गट धरून असतात; त्याच्या रंगहीन द्रावणात हायड्रोजन सोडला की वलय सायक्लोऑक्टेन होऊन, तर मेथिल गट मिथेन वायू होऊन सुटतात, आणि द्रावण तपकिरी-काळे पडते. आरंभी काही काळ विशेष काही घडत नाही. पण पहिले कण तयार झाले की दुधात विरजण पडावे तसे तेच उरलेल्या संयुगाचे विघटन वेगाने घडवतात. हे कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून कार्बनच्या भुकटीवर किंवा बहुवारिकाच्या आवरणात रोखावे लागतात. मात्र आवरण दाट झाले, तर मोकळा केलेला पृष्ठभाग पुन्हा झाकला जातो.

मेथॅनॉलसारख्या इंधनात आणखी एक अडचण येते: त्याच्या विघटनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला घट्ट धरून बसतो आणि नव्या रेणूंना जागा उरत नाही. रुथेनियमचा अणू शेजारी असल्यास तो पाण्यापासून ऑक्सिजनयुक्त गट सहज मिळवून देतो आणि अडकलेला कार्बन मोनॉक्साइड कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणूनच दोन्ही धातूंची संयुगे एकाच द्रावणात घेऊन त्यांचे अणू एकाच कणात शेजारी-शेजारी बसवले जातात, जेणेकरून महागड्या प्लॅटिनमची मुश्किलीने मिळवलेली जागा अडून राहू नये.