जखमी पक्षी : उचलण्यापासून सोडण्यापर्यंत

जखमी रानपक्ष्याची शुश्रूषा हे पशुवैद्यकातले जरा निराळे काम आहे. गाय किंवा कुत्रा बरा झाला की मालकाकडे जातो. रानपक्ष्याला मालक नसतो, आणि त्याची माणसाशी ओळख वाढू न देणे हा इथे उपचाराचाच भाग असतो. वाशिम जिल्ह्यात हे काम बहुधा वावराच्या धुऱ्यावर सुरू होते, आणि दुखापत गंभीर असेल तर नागपूरपर्यंत जाते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. हा मुख्यतः सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा मुलूख. मधूनमधून गवताळ माळ आहेत, एकबुर्जी आणि अडाणसारखे जलाशय आहेत, काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. माळावर कापशी घार, शिक्रा आणि नीळकंठ दिसतात, हिवाळ्यात पाण्यावर पाहुणी बदके उतरतात. पक्षी सापडतो तो उघड्या वीजतारांना धडकलेला, कुत्र्याने धरलेला, रस्त्यावर गाडीची ठोकर बसलेला. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे टिपून मोर-लांडोर कोसळतात. संक्रांतीच्या आसपास मांज्याचे बळी वाढतात. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांज्यावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. संध्याकाळी थव्याने झाडाकडे परतणारे बगळे त्यात अडकतात, आणि सुटण्यासाठी फडफडताना दोरा पंखाच्या स्नायूत अधिकच खोल जातो.

जुन्या वाड्यांतून आणि पडक्या विहिरींतून गव्हाणी घुबडाची पिल्ले खाली पडतात. पांढऱ्या लवेच्या त्या चेहऱ्याला गरुडाचे किंवा गिधाडाचे पिल्लू समजून गर्दी जमते. कुणी अपशकुन म्हणून दगडही उचलतो. पण हे घुबड उंदरांवर जगते, आणि उंदरांमुळे पिकाचे किती नुकसान होते हे जाणणाऱ्या शेतकऱ्याने तरी तो दगड उचलू नये.

पहिल्या तासात माणसे ज्या चुका करतात त्या बहुतेक मायेपोटीच. चोच उघडून पाणी ओतले की ते श्वासनलिकेत जाते. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच तिचे तोंड असते. दूध-भात पचत नाही. हातात धरून कुरवाळले की शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यासारखी भीती त्याला घेरते, आणि त्या धक्क्यानेच काही पक्षी दगावतात. योग्य कृती फार साधी आहे. अंगावर सुती कापड टाकून पंख मिटवावेत, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे, खोके अंधाऱ्या शांत जागी न्यावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बहुतेक रानपक्षी घरी ठेवता येत नाहीत, मग हेतू शुश्रूषेचा का असेना. पिंजऱ्यातला ‘मिठू’ही त्यात आला.

साधी जखम तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बांधली जाते. हाड मोडले असेल तर विदर्भात मोठा आधार नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरचा. हे केंद्र २०१५ पासून चालू आहे. पक्ष्याचे हाड जुळवणे नाजूक असते. दंडाचे हाड पोकळ असून हवेच्या पिशव्यांशी जोडलेले असते. त्याची उघडी जखम धुताना पाणी आत गेले तर ते थेट श्वसनसंस्थेत पोचते. एरवी हाड चटकन सांधते, साधारण दोन-तीन आठवड्यांत. म्हणूनच घाई करावी लागते, कारण वाकडे जुळलेले हाड पुन्हा सरळ होत नाही. पंख अंगाशी बांधतात, गरज पडल्यास हाडात बारीक सळई घालतात. बंधन फार दिवस ठेवले तर पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आखडते आणि हाड जुळूनही पक्षी उडत नाही.

पिसे तुटली असतील तर एक फार जुनी कारागिरी कामी येते. गळालेले सुस्थितीतले पीस घेऊन ते बांबूच्या बारीक काडीने तुटक्या पिसाच्या पोकळ देठात बसवायचे. बाज पाळणाऱ्यांची ही युक्ती तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने आपल्या श्येनपालनाच्या ग्रंथात नोंदवली आहे. नवे पीस उगवण्याची वाट न पाहता पक्षी आकाशात जाऊ शकतो.

हाताळणीचे कसब मात्र ग्रंथांतून येत नाही. अकोला-वाशिम पट्ट्यातील फासेपारध्यांकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. फासा कुठे लावायचा, पाय न दुखावता पक्षी कसा सोडवायचा, कोणता आवाज कुणाचा, हे त्यांना ठाऊक असते. ‘संवेदना’ संस्थेच्या पुढाकाराने याच समाजातील काही कुटुंबे तणमोराच्या माळांची राखण करू लागली. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा हा पक्षी आज जगभर अतिसंकटग्रस्त मानला जातो.

बरा झालेला पक्षी मोठ्या पिंजऱ्यात उडवून पाहतात. शिकारी पक्ष्याने भक्ष्य पकडले पाहिजे, घुबडाने केस-हाडांची गुठळी ओकली पाहिजे. पिल्लू असेल तर भरवणारा माणूस पडद्याआड राहतो. माणसालाच आपला समजून बसलेले पिल्लू पुढे जोडीदार शोधत नाही आणि शिकाऱ्याच्या हातावरही निर्धास्त बसते. सोडताना वेळ आणि जागा पाहतात. घुबड तिन्हीसांजेला सोडतात, घार हवा तापल्यावर, स्थलांतरित बदक थवे परतण्याआधी. शक्य तेव्हा पक्षी सापडला होता तिथेच सोडतात, कारण पाणवठा आणि झाडे त्याच्या ओळखीची असतात.

काही पक्षी पुन्हा उडूच शकत नाहीत. अशा पक्ष्याला यातनाहीन मृत्यू द्यायचा की पिंजऱ्यात जगवायचे, याला सोपे उत्तर नाही. आपल्या जातीच्या अनाथ पिल्लांना सांभाळण्याचे काम मात्र असा पक्षी करू शकतो. त्याच्याकडे पाहून पिल्ले माणसाऐवजी पक्ष्याला आई-बाप मानतात. सोडलेल्यांपैकी काहींच्या पायात नंबर असलेले कडे असते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून अशी कडी वापरत आली आहे. त्यामुळे पुढे कुणाला तो पक्षी जिवंत वा मृत सापडला आणि त्याने नंबर कळवला, तर तो कुठवर पोचला हे समजते.